कच्चा माल, पक्का हिशेब

पिंपरी-चिंचवडचा माणूस वस्तू विकत घेत नाही, आधी तिचं कॉस्टिंग करतो. चापेकर चौकात भेळ खाताखाता चुरमुरे किती, फरसाण किती, भेळवाल्याची मजुरी किती आणि हातगाडीचा ओव्हरहेड किती याची मांडणी तोंडात घास असतानाच होते, आणि कागद चुरगाळून टाकेपर्यंत ‘निम्मे सुटतात याला’ असा निकाल लागलेला असतो. यात त्याचा स्वभाव कमी, पाण्याचा गुण जास्त. चाकणची मोठी कंपनी दरवर्षी भोसरीच्या व्हेंडरला बोलावते, चहा पाजते आणि यंदा रेट किती टक्के उतरवताय ते विचारते. व्हेंडर तोच प्रश्न घेऊन तळवड्याच्या जॉबवर्कवाल्याकडे जातो. जॉबवर्कवाल्याच्या खाली कुणी नसतं, म्हणून तो रात्री घरी जाऊन भाजीत एवढं तेल कशाला असं विचारतो, आणि जे ऐकायला मिळतं ते ऐकून झोपतो.

अशा गावात कॅमेरे आले. कुणाला दिवाळीचा बोनस मिळाला, कुणाच्या कंपनीत करार होऊन फरकाची रक्कम एकदम हातात पडली, कुणी पोराच्या बारशाचं निमित्त केलं. कॅमेरा घ्यायला इथे फार विचार लागत नाही, कारण तो धातूचा असतो आणि हे गाव धातूवर जगतं. टूलरूममधला माणूस लेन्स हातात घेतो, तोलून पाहतो, बॅरलची फिनिश बघतो, माउंटच्या रिंगवरून नख फिरवतो, ‘काम चांगलं केलंय’ म्हणतो आणि लाखभर रुपये मोजून मोकळा होतो. सॉफ्टवेअरवरून नख फिरवता येत नाही. ज्याला वजन नाही, ज्याचं ड्रॉइंग नाही, ज्याला टॉलरन्स नाही, त्याचे पैसे कसले द्यायचे? त्यामुळे कॅमेरा एखाद्या शनिवारी घरी येतो आणि त्यातल्या रॉ फाइली कशात उघडायच्या हा प्रश्न पुढचे कित्येक पावसाळे चालतो.

चालतो तो मुख्यतः कंपनीच्या बसमध्ये. मोशीवरून चाकणला जाणारी आमची बस तळेगाव चौकात एकदा अडकली की खाली उतरून चहा पिऊन आलं तरी तिथेच असते. याच चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला. बसमधल्या मंडळींना त्यांच्याबद्दल आदर तर आहेच, शिवाय वेढ्यात वेळ कसा काढावा लागतो याची थोडीफार कल्पनाही आहे. वेढ्यात काहीतरी विषय लागतो. आमच्या बसचा विषय: विकतचं लाइटरूम की फुकटचं डार्कटेबल.

ज्यांना या भानगडीशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅमेऱ्यातून फोटो दोन तऱ्हांनी निघतो. जेपेग म्हणजे मशीनिंग होऊन, बर काढून, तेल लावून, पिशवीत पॅक होऊन आलेला तयार पार्ट. रॉ म्हणजे फाउंड्रीतून नुकतं आलेलं कास्टिंग. अंग खरखरीत, रंग उदास, पण चारी बाजूंनी मटेरियल सोडलेलं. जेपेगमध्ये लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. कास्टिंगवर मटेरियल शिल्लक असलं की सेटिंग थोडं चुकलं तरी पार्ट वाचतो. तयार पार्टवर हात चालवायला गेलात तर थेट स्क्रॅपच्या पेटीत.

याचा अर्थ आषाढवारीत कळतो. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या मुक्कामाला येते त्या दिवशी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात मोजायचा कंटाळा यावा इतके कॅमेरे असतात. वर ढग, खाली पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि त्यामध्ये उन्हात रापलेले चेहरे. चेहऱ्याला उजेड द्यावा तर धोतर नुसतं कोरा कागद होतं. धोतराच्या चुण्या राखाव्यात तर माउलींचा चेहरा काळवंडतो. रॉमध्ये टिपलं असेल तर घरी बसून चुण्याही राखता येतात आणि चेहराही उजळता येतो. अर्थात बेतानं. फार ओढलं की चेहऱ्यावर असा काही दाणा येतो की वारकरी सँडब्लास्टिंग करून आल्यासारखे दिसतात.

आणखी एक मजेची गोष्ट आहे. सेन्सरला रंग कळतच नाही, त्याला फक्त उजेड कळतो. कोडॅकमधले ब्राइस बेयर यांना १९७६ साली त्यावरच्या तोडग्याचं पेटंट मिळालं. प्रत्येक ठिपक्यावर रंगीत चाळणी बसवायची, निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे, आणि राहिलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांकडे बघून अंदाजानं भरायचे. निम्मे हिरवे का, तर माणसाचा डोळा हिरव्यात सगळ्यात बारीक बघतो. पवनेच्या काठी जलपर्णीसमोर उभं राहिलं की निम्मं थोडं कमीच केलं असं वाटतं. हा अंदाज करणं म्हणजे डीमोझेकिंग, आणि सॉफ्टवेअरची पहिली परीक्षा तिथेच होते. दहापैकी नऊ जणांना त्यातला फरक दिसत नाही. दहावा आमच्या बसमध्ये बसतो.

बाहेरगावच्या माणसाला वाटेल की निवड दोनच प्रकारांत करायची आहे, विकतचं आणि फुकटचं. इथे तिसरा प्रकार आहे आणि वर्षानुवर्षं पहिला नंबर त्याचाच आहे. कॉम्प्युटर जोडून देणारा पोरगा येतो, विंडोज टाकतो, अँटिव्हायरस टाकतो आणि बॅग आवरताना सहज विचारतो, ‘फोटोशॉप पण टाकून देऊ का, दादा?’ दादा कशाला नाही म्हणतील? पैसे किती हा प्रश्न त्या वाक्यातच नसतो. फुकटच्या सॉफ्टवेअरची खरी लढाई विकतच्याशी नाहीच, ती या टाकून दिलेल्याशी आहे. ज्याला महागडं सॉफ्टवेअर आधीच ‘मिळालेलं’ आहे त्याला दुसरं एक फुकट आहे म्हणून सांगण्यात काय अर्थ? तो म्हणतो, मग फरक काय राहिला?

स्टुडिओवाल्यांकडे जा. फोटोशॉप ७ हे २००२ सालचं. त्यानंतर बजाजनं आकुर्डीतल्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला आल्या, डोंगर फोडून रस्ते झाले, रस्ते फोडून उड्डाणपूल झाले, पण कितीतरी काउंटरमागे त्या सातव्या आवृत्तीचा डोळा उघडा आहे तो उघडाच. रॉ उघडण्याची सोय अ‍ॅडोबीनं २००३ साली याच सातसाठी वेगळं प्लगिन काढून विकली होती. ते वृत्त अजून काउंटरपर्यंत पोचायचं आहे.

नवल याचं वाटतं की हाच माणूस कंपनीत लायसन्सच्या बाबतीत अगदी सोवळ्यात असतो. कॅटियाच्या सीटा मोजक्या, डिझायनर जास्त; ‘कोण जेवायला गेलंय लायसन्स अडकवून?’ ही हाक दुपारी एकदा तरी उठतेच. आयटीवाले पेनड्राइव्ह लावू देत नाहीत. आणि व्हेंडरच्या केबिनमध्ये बसलात तर त्याची जुनी जखम ऐकायला मिळते. त्यानं महिनाभर डोकं घालून फिक्स्चरचं डिझाइन केलं, गिऱ्हाइकानं ‘अप्रूव्हलसाठी’ म्हणून ड्रॉइंग मागून घेतलं आणि दोन गल्ल्या सोडून बसलेल्या स्वस्त व्हेंडरला देऊन टाकलं. ‘ही दुसऱ्याच्या डोक्याची चोरी आहे, साहेब,’ असं तो म्हणतो तेव्हा आवाज खरोखर कापतो. त्याच्या मागच्या कॉम्प्युटरवर क्रॅक मारलेलं फोटोशॉप असतं, आणि ते चुकून स्वतःला अपडेट करून घेईल म्हणून इंटरनेटची वायर काढून टेबलाच्या पायाला गुंडाळून ठेवलेली असते.

असो. सज्जनांसाठी विकतचं आहे, तिकडे वळू. पण तिथेही या गावाचं दुखणं आडवं येतं. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, १९६६ साली टेल्को आली, आणि मागोमाग माणसांचे दोन वर्ण झाले: पर्मनंट आणि कॉन्ट्रॅक्ट. मुलगी द्यायची तर पहिला प्रश्न ‘पर्मनंट आहे का?’ पत्रिका नंतर, आणि पर्मनंट असेल तर मंगळसुद्धा सौम्य निघतो. बँक हेच विचारते, पतपेढी हेच विचारते, उधारी देणारा किराणावाला हेच विचारतो. अशा माणसाला तुम्ही सांगता की सॉफ्टवेअर आता महिन्याच्या भाड्यानं मिळतं. रकमेनं त्याला काही होत नाही. पोटात गोळा येतो तो ‘दरमहा रिन्यू’ या शब्दांनी.

लाइटरूमची पहिली आवृत्ती २००७ साली आली तेव्हा एकदा पैसे मोजले की वस्तू आपली होती. २०१३ साली अ‍ॅडोबीनं फोटोवाल्यांसाठी भाड्याची योजना आणली. दरमहा ९.९९ डॉलर. २०१५ चं लाइटरूम ६ ही पर्मनंटची शेवटची भरती, आणि २०१७ साली जाहीर झालं की यापुढे एकदाच विकत घेण्याचं लाइटरूम निघणार नाही. आमच्या बसमधले परचेसवाले साहेब हे कळल्यावर एवढंच म्हणाले, ‘पोस्टच रद्द केली म्हणा ना.’

त्यातही एक प्रकार असा झाला की एखाद्या मुरलेल्या एचआर मॅनेजरनं टोपी काढावी. २०१५ च्या जूनमध्ये लाइटरूममध्ये डीहेज नावाची एक पट्टी आली. धुकं, धूळ, धुरळा पुसून मागचा डोंगर वर काढणारी. ती भाडेकऱ्यांना मिळाली आणि दोनच महिन्यांपूर्वी लाइटरूम ६ रोख पैसे मोजून घेतलेल्यांना मिळाली नाही. चाकणच्या माणसाला डीहेज नाही! जिथे खराबवाडीच्या रस्त्यावर एक कंटेनर गेला की मागचा कंटेनर फक्त हॉर्नवरून ओळखायचा, तिथल्या माणसाला! बसमध्ये एकमतानं निषेध झाला. कॉन्ट्रॅक्टवाल्याला सोय दिली आणि पर्मनंटला ठेंगा दाखवला, असं या पट्ट्यात आजवर ऐकिवात नव्हतं.

भाडं थकलं तर काय होतं, हा पुढचा मुद्दा. लाइटरूम क्लासिक फोटो दाखवतं, शोधू देतं, बाहेरसुद्धा काढू देतं. कुलूप लागतं ते डेव्हलप मॉड्यूलला आणि नकाशाला. म्हणजे गेटातून आत यायचं, कँटीनमध्ये बसायचं, मशीनला हात लावायचा नाही. जुन्या युनियनचे एक काका मागच्या सीटवरून म्हणाले, ‘याला लेऑफ म्हणतात. पण त्यात निम्मा पगार तरी मिळायचा.’ आणि २०२५ च्या जानेवारीत अ‍ॅडोबीनं २० जीबीची स्वस्त योजना नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद केली, जुन्यांची चालू ठेवली. जुन्यांना जुना करार आणि नव्या भरतीला नवा. हे मात्र बसमध्ये कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

फुकटची गोष्ट वेगळी आहे. इथल्या माणसाला फुकट दिसलं की तो खूश होत नाही, सावध होतो. एका ठरावीक रेटाखाली कोटेशन आलं की हा व्हेंडर एक तर मटेरियलमध्ये खाणार किंवा चार महिन्यांत बुडणार, हे त्यानं आयुष्यभर पाहिलेलं असतं. शून्याचं कोटेशन म्हणजे तर हद्दच.

क्वालिटीतल्या एका पोरानं टूलरूमच्या काकांना डार्कटेबल सुचवलं तो संवाद मी शेजारच्या सीटवर बसून ऐकला.

‘काका, पूर्ण फुकट आहे.’

‘बनवतं कोण?’

‘जगभरचे लोक. योहान्स हानिका म्हणून एकानं २००९ मध्ये सुरू केलं, मग बाकीचे येत गेले.’

‘पगार कोण देतं?’

‘कुणी नाही.’

‘मग करतात कशाला?’

‘आवड म्हणून.’

काका खिडकीबाहेर बघत बसले. बस चिंबळी फाट्याला आली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘यांना घरी कुणी काही बोलत नाही का रे?’

पण त्याच काकांना डेव्ह कॉफिनची गोष्ट सांगितली आणि चित्र पालटलं. कॅमेरा कंपन्या आपल्या रॉ फाइलची आतली रचना सांगत नाहीत. कॅननची वेगळी, निकॉनची वेगळी, सोनीची आणखी वेगळी. या कॉफिननं १९९७ पासून एकट्यानं एकेका कॅमेऱ्याची फाइल घेऊन, उलगडून, शेकडो कॅमेऱ्यांच्या फाइली उघडेल असा डीसीरॉ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि जगाला देऊन टाकला. पुढे कितीतरी सॉफ्टवेअरं त्याच्या खांद्यावर उभी राहिली. काकांच्या डोळ्यांत चमक आली. भोसरीचं अर्धं शहाणपण हेच आहे. जर्मन मशीनचा मोडलेला पार्ट पिशवीत घालून आणायचा, काउंटरवर ठेवायचा, आणि समोरचा व्हर्नियर लावत म्हणतो, ‘ड्रॉइंग नको, सॅम्पल ठेवून जा, गुरुवारी या.’ कॉफिन आता काकांचा माणूस झाला. पगाराचा प्रश्न मिटला.

काकांनी डार्कटेबल घेतलं. विंडोजवर ते २०१७ च्या नाताळात आलं आणि त्याच आवृत्तीत धुरळा काढण्याचं मॉड्यूलही आलं, म्हणजे चाकणकरांचं जुनं दुःख परस्पर मिटलं. आत डझनांनी मॉड्यूलं. एक्सपोजर वेगळं, रंगाचं मापन वेगळं, दाणा काढायला एकाहून जास्त वाटा, आणि सगळ्यांची एक ठरलेली रांग, कुठलं ऑपरेशन आधी आणि कुठलं नंतर. दुसरा कुणी घाबरून बंद करतो. काका म्हणाले, ‘अरे, ही तर प्रोसेस शीट आहे,’ आणि वही काढली. लाइटरूममध्ये पट्टी सरकवली की आत काय झालं ते कळत नाही. इथे हे लोक आकडे दाखवतात, आणि ज्या मशीनचे सगळे पॅरामीटर बदलता येतात ते मशीन चांगलं असतं अशी टूलरूमची श्रद्धा आहे. त्या रविवारी काकांनी मॅन्युअल वाचलं. पुढच्या रविवारीही वाचलं. फोटो कुठवर आला, असं विचारलं तर म्हणाले, ‘अजून ट्रायल रन चालू आहे.’

तेवढ्यात त्या पोरानं रॉ-थेरपी दाखवलं. हेही फुकट, गाबोर होरवाथ या हंगेरियन माणसानं सुरू केलेलं आणि २०१० च्या जानेवारीत सगळ्यांसाठी खुलं केलेलं. त्यात डीमोझेकिंगच्या पद्धती डझनाहून जास्त. काकांनी पवनेकाठी टिपलेला एक शेकाट्या उघडला, चोच दोनशे टक्के मोठी केली आणि पहिल्या पद्धतीपासून शेवटच्यापर्यंत आळीपाळीनं लावून पाहिली. प्रत्येकीचं निरीक्षण वहीत. चोचीच्या कडेवर कुठे हिरवट झाक, कुठे जाळी, कुठे काही नाही. पूर्ण शेकाट्या त्या दिवशी कुणी पाहिलाच नाही. त्याचे ते लांबसडक लाल पाय, त्यांवरचं सकाळचं ऊन, खाली डोलणारी थर्माकोलची ताटली, सगळं स्क्रीनच्या बाहेर राहिलं.

परचेसवाल्या साहेबांचा मार्ग वेगळा. त्यांनी एक्सेलची शीट केली. टेक्निकल बिड, कमर्शियल बिड. टेक्निकलला रंग, वेग, दाणा, लेन्सची दुरुस्ती, सर्व्हिस सपोर्ट असे रकाने आणि प्रत्येकाला वेटेज. कॅमेऱ्याबरोबर कंपन्या स्वतःचं सॉफ्टवेअर मोफत देतात, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, आणि ती बऱ्याच जणांच्या गरजेला पुरून उरतात. पण ती खोक्याबरोबर आली असल्यामुळे शीटमध्ये घेतलीच नाहीत. ज्याची चौकशी पाठवावी लागली नाही त्याला व्हेंडर कसं म्हणणार? शेवटचा रकाना होता सर्वांत स्वस्त व्हेंडरपेक्षा इतर किती टक्के महाग. सर्वांत स्वस्त शून्य रुपये. शून्यानं भागल्यावर एक्सेलनं खालपर्यंत एरर मांडली. साहेबांनी तो रकाना लाल केला आणि डार्कटेबलपुढे शेरा लिहिला: ‘रेट अवास्तव. खुलासा मागवावा.’

यावर उपाय काढला तो प्रॉडक्शनच्या एका गृहस्थांनी, आणि मला तो अजून बिनतोड वाटतो. ते म्हणाले, मशीन फुकट मिळालं तरी मशीन अवर रेट असतोच ना? रविवारी डार्कटेबल शिकायला माणूस चार तास बसतो. सुट्टीच्या दिवशीचं काम म्हणजे ओटी. कारखाने कायदा १९४८, कलम ५९, दुप्पट दर. तो दर लावला, गेल्या पावसाळ्यापासूनचे रविवार मांडले, आणि फुकटचं सॉफ्टवेअर अख्ख्या शीटमध्ये सगळ्यात महाग ठरलं. साहेब इतके खूश झाले की शीट घरी दाखवली. वहिनींनी ती नीट वाचली आणि विचारलं, ‘हा रेट फक्त फोटोलाच आहे, की मी गॅलरी धुवायला सांगते तेव्हापण लागतो?’ तेव्हापासून शीटमध्ये कलम ५९ नाही.

या सगळ्यात खरे फोटोवाले कुठे आहेत असं कुणी विचारेल. ते आळंदीत आहेत. लग्नाचा सीझन लागला की आळंदीच्या गल्लोगल्ली कार्यालयं आणि कार्यालयागणिक मुहूर्त, आणि एकेक फोटोग्राफर सकाळचं लग्न आटपून दुपारच्या लग्नात अक्षता पडायच्या आत पोचलेला. त्यांच्यातल्या एकाला मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं की तुम्ही रॉ कशात करता? तो फ्लॅशचे सेल बदलत होता. म्हणाला, ‘रॉ? कार्ड भरतं हो. जेपेग मारायचं आणि अल्बमवाल्याला द्यायचं. करिज्मा करून देतो तो.’ ज्याचं पोट फोटोवर चालतं तो जेपेग टिपतो, आणि ज्याच्या फोटोला कुणी पाच रुपये देणार नाही तो चौदा बिटांत टिपतो. मोठी लग्नं आणि प्री-वेडिंग करणारे काही जण आहेत, ते रॉच घेतात; त्यांच्याकडे लाइटरूमचं भाडं दर महिन्याला निमूट कापलं जातं, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नसतं, आणि ते बसमध्ये नसल्यामुळे चर्चेतही नसतात. हजार-दोन हजार फ्रेम एका रात्रीत एकसारख्या रंगात काढायच्या तर त्यांना चोचीची कड बघायला वेळ कुठे?

माझं मत मी बसमध्ये मांडलं होतं, कुणी ऐकलं नाही, म्हणून इथे मांडतो. ज्याचा कॅमेरा पालखी आणि गणपती सोडून उरलेलं वर्ष कपाटावर असतो, त्यानं महिन्याचं भाडं भरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. त्यानं फुकटचं घ्यावं, पाच-सहा मॉड्यूलं शिकावीत, बाकीच्यांकडे बघूसुद्धा नये. ज्याला फोटो सोमवारी द्यायचा आहे त्यानं पैसे मोजावेत. संध्याकाळच्या अंधारात टिपलेल्या पाखरांचा दाणा लाइटरूमचं २०२३ मध्ये आलेलं एआय डीनॉइज ज्या सफाईनं काढतं ती सफाई फुकटात मिळवायला बराच घाम गाळावा लागतो. भाडंच नको असेल तर फ्रान्सचं डीएक्सओ फोटोलॅब एकरकमी मिळतं, पर्मनंटच्या अटींवर. आणि टाकून दिलेलं कुणीच घेऊ नये. माझं एवढं बोलून झालं तेव्हा साहेबांनी विचारलं, ‘कॅप्चर वनचा डेमो घेतलात का?’ त्यांनी शीटमध्ये नवा रकाना केला. सुधारित आवृत्ती. डार्कटेबलची नवी आवृत्ती पावसाळ्याच्या तोंडाला आणि नाताळात येते, त्यामुळे वर्षातून दोनदा शीट सुधारावी लागतेच; आता मधेही एक झाली.

काकांनी मात्र काम पूर्ण केलं. पालखीतला एक म्हातारा वारकरी, डोक्यावर गाठोडं, मागे ढग. चुण्या जागच्या जागी, चेहऱ्यावरची एकेक सुरकुती शाबूत. बसमध्ये मोबाइलवर फिरला तेव्हा परचेसवाल्या साहेबांनीही ‘ओके’ म्हटलं, आणि परचेसचं ओके म्हणजे काय ते व्हेंडरलाच विचारा. फोटो फिरत फिरत प्रभागातल्या एका इच्छुकापर्यंत गेला. भाऊंना आषाढी एकादशीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लावायचा होता. काकांनी सोळा बिटांची टिफ काढली, पेनड्राइव्हवर घेतली आणि स्वतः फ्लेक्सवाल्याकडे गेले. मी बरोबर होतो. कलर प्रोफाइल कुठलं लावावं हे काका समजावून सांगायला लागले.

‘काका, व्हॉट्सअ‍ॅप करा ना,’ फ्लेक्सवाला म्हणाला.

‘अरे, क्वालिटी जाते त्यानं.’

‘दहा बाय आठचा आहे. लांबून बघतात.’

व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. फ्लेक्सवाल्यानं वारकऱ्याला खालच्या डाव्या कोपऱ्यात बसवलं, उजवीकडे हात जोडलेले भाऊ उभे केले, वारकऱ्याच्या दुप्पट उंचीचे, मग भाऊंचा चेहरा उजळवला, मग भाऊंपुढे वारकरी फारच सावळा दिसायला लागला म्हणून त्यालाही उजळवला. धोतराच्या चुण्या एका क्लिकमध्ये गेल्या. मागचे ढग काढून निळं आभाळ घातलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. काका स्क्रीनकडे टक लावून बघत होते. ऑपरेशनची रांग, मास्क, दाणा, कशाचीच काही भानगड नाही.

‘कुठलं सॉफ्टवेअर आहे हे?’ त्यांनी विचारलं.

‘सेव्हन आहे, काका,’ तो म्हणाला. ‘टाकून देऊ का तुम्हाला पण?’